कुंभाराने बसविलेले नाक

गेल्या माघ महिन्यात आमच्या सायखेड्याच्या घरी धाकट्या नातवाचे कान टोचले. सोनार तार घेऊन ओसरीवर बसला, मुलाने गोदावरीपलीकडे चांदोरीस ऐकू जाईल असा सूर लावला, आणि बायकांनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालून तो सूर कसाबसा आवरला. आमच्या काकू हा सोहळा भिंतीस टेकून पाहात होत्या. त्यांचे वय नव्वदीच्या घरात. तरुणपणी जड कुड्या वापरून त्यांच्या उजव्या कानाची पाळी ओघळत गेली व पुढे एके दिवशी पार दुभंगली. मूल शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "कान टोचायला सोनार मिळतो रे, पण फाटलेला कान सांधायला कोण मिळतो?"

आम्ही जन्मभर शाळेत संस्कृत शिकविले. असा प्रश्न कानी पडल्यावर आम्ही गप्प बसणे शक्यच नव्हते. आम्ही ताबडतोब सुश्रुतास पुढे केले.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय आहे तो कान टोचणे व कान सांधणे याच विषयाचा. बाळाचे कान कोणत्या वेळी, कसे टोचावे, भलत्या ठिकाणी टोचले असता कोणते उपद्रव होतात, येथून त्याचा आरंभ होतो. पुढे छिद्र वाढविता वाढविता पाळी तुटली तर ती सांधण्याच्या पंधरा रीती सांगितल्या आहेत. पाळी अजिबातच उरली नसेल तर गालाचे मांस, एका बाजूस जोडलेले ठेवूनच, वर घेऊन नवी पाळी करावी असेही त्यात आहे. आणि अध्याय संपता संपता, जणू ओघानेच, कापल्या गेलेल्या नाकाची गोष्ट येते. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे. तेवढेच मांस गालावरून सोडवावे, मात्र ते एका अंगाने जोडलेलेच राहू द्यावे. नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा व त्यावर ते त्वरेने बसवून नीट बांधावे. श्वासासाठी दोन नळ्या घालून नाक उचलून धरावे. वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण टाकून पांढऱ्या कापसाने झाकावे व तिळाचे तेल शिंपडीत राहावे. जखम पुरती भरल्यावर मधला सांधा तोडावा. नाक अपुरे पडले तर वाढवावे, मांस अधिक झाले तर सारखे करावे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने डल्हणाच्या टीकेसह छापलेली संहिता आमच्या कपाटात आहे. ती काढून हा सर्व भाग आम्ही काकूंस अर्थासह वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे तू कुणाला करताना पाहिलंयस का?"

पाहिले नव्हते. आमच्या निफाड तालुक्यात कांदा उदंड पिकतो. परंतु तो नाकाने सोलण्याचे काम मुख्यत्वे आम्हां शाळामास्तरांकडे असते. तीस वर्षे आम्ही वर्गात हा अध्याय अभिमानाने सांगत आलो. नाशिकचे नावच लोक शूर्पणखेच्या नाकाशी जोडतात. तेव्हा 'लक्ष्मणाने नाक कापले ते पंचवटीत, आणि नाक जोडण्याची विद्याही या देशाचीच' असे वाक्य टाकले की मुले हसत व तास रंगे. त्या विद्येची महाराष्ट्रातील खरी आणि नोंदलेली हकीकत मात्र आमच्या वाचनात पुष्कळ उशिरा आली. ती वाचली तेव्हा अभिमान वाटला हे खरे, पण त्याहून अधिक काही तरी वाटले. म्हणून हा लेख.

हकीकत अशी. इसवी सन १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम व मराठे यांनी मिळून टिपूशी युद्ध केले. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा कुणबी होता. तो टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक व एक हात कापविला. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईकर इंग्रजांच्या फौजेस येऊन मिळाला व पुढे कंपनी सरकारचा पेन्शनर झाला. इंग्रजांनी त्याचे नाव 'कावसजी' असे लिहून ठेवले आहे. मराठा कुणब्याचे नाव कावसजी कसे, हे त्या लिहिणारालाच ठाऊक. साहेबाच्या कानांनी आपल्या नावांचे काय काय केले आहे हे वाचकांस सांगावयास नको. बारा महिन्यांहून अधिक काळ हा मनुष्य नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका इसमाने त्यास नवे नाक बसविले. तो इसम वैद्य नव्हता, शास्त्रीही नव्हता. इंग्रजी लेखात त्याची जात विटा करणाऱ्याची म्हणून दिली आहे. म्हणजे आपल्या भाषेत बहुधा कुंभारच.

मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो व फिंडले, यांनी ही क्रिया समक्ष पाहिली. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, १७९४ च्या जानेवारीत, जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने त्या गाडीवानाचे चित्र काढले. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे प्रसिद्ध चित्र काढणारा वेल्स तो हाच. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात 'बी. एल.' अशा सहीचे एक पत्र त्या चित्रासह छापून आले, आणि पुण्याजवळची कुंभारवाड्यातली विद्या विलायतेस पोहोचली.

त्या पत्रातील वर्णन इतके स्वच्छ आहे की एखाद्या हुशार सुताराने आपले काम सांगावे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो तुटक्या नाकावर असा बसवावयाचा की चांगले दिसणारे नाक तयार व्हावे. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवावयाची. नाकाच्या खुंटाची जुनी, वाळलेली कड तासून तेथे रक्त आणावयाचे, नाकपुड्यांभोवती व वरच्या ओठाजवळ चीर द्यावयाची, आणि कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली उतरवून तिच्या कडा त्या चिरेत बसवावयाच्या. वर काथ पाण्यात कालवून कापडाच्या चिंध्यांना लावावयाचा व पाच-सहा चिंध्या एकावर एक ठेवावयाच्या. चार दिवस त्यास हात लावावयाचा नाही. नंतर तुपात बुडविलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापड घालावयाचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापून नाक मोकळे करावयाचे.

ही पट्टी हेच साऱ्या विद्येचे मर्म होय. कातडी म्हणजे कापड नव्हे. तिला रक्त पुरले तर ती जगते, न पुरले तर काळी पडून गळते. नव्या जागी रुजेपर्यंत जुन्या जागेचे रक्त तिला त्या पट्टीतून मिळत राहते. आमच्या भागातील शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. आंब्याचे भेट कलम बांधताना मूळ झाडाची फांदी न तोडताच कुंडीतल्या रोपाशी बांधतात, दोघांचा जीव एक झाला की मगच ती मातेपासून अलग करतात. कपाळावरून आणलेले नाक हे भेट कलम होय. याहून निराळी रीत पाचर कलमाची. आमच्या द्राक्षबागांत डॉगरिजच्या खुंटावर काडी भरतात ती मूळ वेलीपासून तोडूनच आणलेली असते. शरीरावरही असे करता येते. मांडीची पातळ साल काढून ती उघड्या जखमेवर अंथरतात. तिला स्वतःचे रक्त नसते. पहिले काही दिवस खालून पाझरणाऱ्या रसावर ती तग धरते, आणि तेवढ्यात खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यात शिरल्या तर ती लागते. म्हणून खालची जागा स्वच्छ व रक्ताने भरलेली हवी, आणि साल तसूभर हलता कामा नये. उघड्या हाडावर ती लागत नाही. नाकासारखे उंच उभे राहणारे अंग असल्या सालीने होत नाही. तेथे जाड, रक्तासह आणलेली कातडीच पाहिजे. नाकाचे मोठे नुकसान झाले असता आजचे डॉक्टरही पुष्कळदा कपाळाचीच कातडी आणतात व तिचा देठ बहुधा तीन आठवड्यांनी कापतात. कुंभाराचे पंचवीस दिवस आणि डॉक्टरांचे एकवीस!

या क्रियांस प्लास्टिक सर्जरी म्हणतात तेव्हा पुष्कळांस बादल्यांचे प्लास्टिक आठवते. ते बरोबर नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडविणे, मातीस आकार देणे असा आहे. म्हणजे नावानेसुद्धा ही विद्या कुंभाराचीच ठरते.

लंडनचा जोसेफ कार्प्यू नावाचा सर्जन त्या पत्राने इतका झपाटला की वीस वर्षे त्याने तो विषय सोडला नाही. प्रेतांवर हात बसवून १८१४ च्या २३ ऑक्टोबरास त्याने एका लष्करी अधिकाऱ्यास कपाळाच्या कातडीचे नाक केले, नंतर दुसऱ्यास केले, आणि १८१६ साली त्या दोहोंची हकीकत पुस्तकरूपाने छापली. युरोपात या विषयाचे ज्ञान अगदीच नव्हते असे नाही. बोलोन्याच्या तालियाकोत्सीने दंडाच्या कातडीने नाक करण्याची रीत १५९७ सालीच ग्रंथात दिली होती. पण तीत रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे, आणि पुढे ती मागे पडली. कार्प्यूनंतर मात्र कपाळाची रीत 'हिंदी रीत' या नावाने सर्वत्र पसरली. तिच्यात एक उणीव होती. नव्या नाकास आतून अस्तर नसल्यामुळे ते हळूहळू आकसे. आपल्या इंदुरास रेसिडेन्सी सर्जन असलेल्या कीगन याने आतून अस्तर देण्याची सुधारणा वर्णन करून त्यावर १९०० साली पुस्तक लिहिले. काठेवाडात जुनागडचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी तर १८८९ साली शंभर नाकांची हकीकत प्रसिद्ध केली; त्या मुलखात दरोडेखोर नाके कापीत, तेव्हा डॉक्टरांस रोग्यांची वाण नव्हती. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडात हॅरल्ड गिलीज याने तोफगोळ्यांनी उडालेले चेहरे पुन्हा उभे केले. त्याच्या परंपरेत शिकून आलेले डॉक्टर नोशीर अँटिया पुण्यास परतले व त्यांनी कोंढव्याच्या रुग्णालयात कुष्ठरोगाने बसलेली नाके व वाकडी झालेली बोटे सुधारण्याचे काम हाती घेतले. नागपुरास डॉक्टर बाळकृष्णन यांनी १९५८ साली वैद्यकीय महाविद्यालयात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. असा हा पुण्याहून निघून लंडनमार्गे पुण्यास परतलेला प्रवास आहे.

आता आमच्या मनात सलणारी गोष्ट. सुश्रुत गालाची कातडी घ्या म्हणतो. पुण्याजवळचा कुंभार कपाळाची घेत होता. सुश्रुताचे माप पानाचे, याचे मेणाचे. म्हणजे त्याने आमच्या पोथीवरून काही उतरविले होते असे दिसत नाही. हाताने हातास शिकविलेली ती विद्या होती, आणि वाटेत ती पोथीच्या पुढे गेली होती. त्याच वेळी त्याच पुण्यात वेदशास्त्रसंपन्न विद्वानांस श्रावणात दक्षिणा वाटली जात होती. पोथी आमच्याकडे आणि वस्तरा कुंभाराकडे, अशी ही वाटणी झाली कशी? रक्त, पू आणि प्रेत यांचा विटाळ मानून शस्त्रकर्म आम्ही आमच्या हातातून जाऊ दिले, हेच त्याचे उत्तर आम्हांस दिसते. हा दोष सुश्रुताचा मुळीच नव्हे. त्याने शिष्याच्या हाताच्या सरावास एक सबंध अध्याय दिला आहे. कोहळ्यावर, दुध्या भोपळ्यावर, काकडीवर छेद घेण्याचा अभ्यास करावा. केस असलेल्या कातड्यावर खरवडण्याचा करावा. मऊ कातडे, मांसाचा तुकडा व कमळाचा देठ यांवर कान सांधण्याचा करावा, इतक्या बारकाईने तो सांगतो. नुसते ग्रंथ पाठ केलेल्यास त्याने चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाच्या ओळीत बसविले आहे. ती उपमा आम्ही वर्गात कितीदा हसत हसत सांगितली! आपण कोणत्या ओळीत आहो हे तेव्हा ध्यानी आले नाही.

आले ते घरातच. गोष्ट सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची आहे. आमची पुतणी तेव्हा चार वर्षांची होती. न्हाणीघरात बंबाखालचे निखारे बाहेर पडले होते. ती खेळता खेळता धडपडली आणि उजवा तळहात त्यांवर टेकला. घरात धावाधाव झाली. कोणी शाई ओतली, कोणी पीठ थापले. जखम दोन महिन्यांनी भरली व आम्ही देवापुढे नारळ फोडला. परंतु भाजलेली जागा भरताना आकसते, आणि मुलाचे हाड वाढते तसा तो वण वाढत नाही, हे त्या घरात कोणास ठाऊक होते? वर्षभरात तिची तीन बोटे तळहाताकडे ओढली गेली. ती शाळेत डाव्या हाताने लिहू लागली. तिला सातवे वर्ष असताना नाशिकच्या एका डॉक्टरांनी सांगितले, वण सोडवून मांडीची कातडी लावली तर हात उघडेल. उशीर मात्र करू नका.

घरात वडीलकीचा शब्द आमचा होता. आम्ही म्हणालो, हाताचे व्यंग झाकण्यासाठी मांडीवर दुसरे व्यंग करून घ्यावयाचे, हा कोठला व्यवहार? पुढे लग्नात सांगावे लागेल ते निराळेच. तिची आई दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही. आणि त्याच आठवड्यात आम्ही शाळेत सुश्रुताच्या नाकाचा पाठ घेतला असेल. कारण तो दर वर्षी त्याच सुमारास येई.

एकोणिसाव्या वर्षी ती मुलगी आईस बरोबर घेऊन आपण होऊन मुंबईस गेली. सरकारी रुग्णालयात तिच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी वण सोडविला, मांडीची कातडी लावली, तळहात फळीस बांधून ठेवला व पुढे कित्येक महिने रात्री पट्टी बांधून निजावयास लावले. कारण लावलेली कातडीही मोकळी सोडली तर पुन्हा आकसू पाहते. दोन बोटे सरळ झाली. करंगळी झाली नाही. बारा वर्षे वाकून राहिल्याने तिचा सांधाच आखडला होता, आणि कातडी बदलून सांधा उघडत नाही. मांडीवरच्या ज्या डागाचे आम्हांस एवढे भय वाटले तो आता फिकट चौकोनासारखा दिसतो असे तिच्या काकू सांगतात.

म्हणून वाचकांच्या घरच्या बायकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. भाजले असता जागेवर वीस मिनिटे तरी साधे वाहते पाणी धरावे. शाई, पीठ, दंतमंजन यांतले काही लावू नये. आणि सांध्याजवळ किंवा तळहातावर भाजले असेल तर जखम भरली म्हणून निश्चिंत न होता बोट, कोपर, मान नीट उघडते की नाही हे पुढे वर्ष-दोन वर्षे पाहात राहावे. दुसरे, मूल फाटक्या ओठाचे जन्मले तर आईने ग्रहणात सुरी हाती धरली होती काय याची चौकशी करीत बसू नये. ओठ गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातच जुळावयाचा राहिलेला असतो. सुरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. असा ओठ साधारण तीन महिन्यांच्या बाळाचा शिवतात, आणि टाळू फाटली असेल तर ती मूल बोलू लागण्याच्या सुमारास, वर्ष-दीड वर्षाच्या आत. यास उशीर केला तर बोलणे कायमचे गेंगाणे राहण्याचा संभव असतो.

काकूंच्या कानाचे विचाराल तर ते काम नाशिकास अर्ध्या तासात, जागा बधिर करून, होते असे आम्ही चौकशी करून आलो. त्या म्हणाल्या, "आता कुणाच्या लग्नात मिरवायचंय?" पण दुसऱ्या दिवशी कुड्यांची डबी काढून पाहात बसल्या होत्या.

पुतणी यंदा संक्रांतीस माहेरी आली होती. गुळाच्या पोळ्या तीच लाटीत होती. लाटण्यावर करंगळी तेवढी वेगळी उभी राहते. आम्ही तिला त्या गाडीवानाचे चित्र दाखविले, कपाळाचे, मेणाचे, पंचवीस दिवसांचे सर्व सांगितले. तिने पिठाचे हात पुसून ते चित्र बराच वेळ पाहिले.

"काका, याचा हातपण कापला होता ना?" ती म्हणाली. "मग हाताचं काय केलं त्यानं?"

हाताविषयी त्या पत्रात पुढे एक अक्षरही नाही. ते आम्ही तिला सांगितले, आणि ती पुन्हा पोळी लाटू लागली.